फरकाची रक्कम

भुसावळात 'फरक' म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. एकीकडे रेल्वे, दुसरीकडे इथला आणि वरणगावचा आयुध कारखाना. त्यामुळे सरकारी पगाराची घरं पुष्कळ. नवा वेतन आयोग लागला की मागच्या महिन्यांचा फरक येतो आणि घराचा वरचा मजला चढतो. पण पगारच चुकीचा ठरवला असेल तर? लष्करी अधिकाऱ्यांच्या बाबतीत तसं झालं, आणि त्याचा निकाल लागायला २६ वर्षं गेली.

चौथ्या वेतन आयोगात, १ जानेवारी १९८६ पासून, कॅप्टन ते ब्रिगेडिअर या हुद्द्यांना मूळ पगाराशिवाय 'रँक पे' मिळाला. कॅप्टनला महिना २०० रुपये, मेजरला ६००, ब्रिगेडिअरला १,२००. मात्र नवा पगार ठरवताना सरकारने तेवढीच रक्कम आधी वजा केली. समजा, मेजरचा पगार ३,५०० रुपये निघाला. त्यातले ६०० कापले आणि तेच रँक पे म्हणून परत जोडले. मिळायला हवे होते ४,१००. हातात आले ३,५००. आयोगामुळे सगळ्यांचाच पगार वाढला होता, म्हणून ही वजाबाकी सहज दिसणारी नव्हती. आणि महागाई भत्ता, पेन्शन हे सगळं पगारावरच निघतं.

मेजर ए. के. धनपालन यांनी ती पकडली आणि केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली. १९९८ मध्ये ते जिंकले. सरकारचं अपील फेटाळलं गेलं. पण फायदा मिळाला तो त्यांच्यापुरता. मग इतर अधिकारी ठिकठिकाणच्या न्यायालयांत गेले आणि प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात एकत्र आली. ८ मार्च २०१० रोजी निकाल अधिकाऱ्यांच्या बाजूने लागला. सरकारने तो बदलून मागितला. ४ सप्टेंबर २०१२ रोजी न्यायालयाने तो कायम ठेवला. फरक १९८६ पासूनचा मिळणार होता, पण ६ टक्के व्याज १ जानेवारी २००६ पासूनच. म्हणजे आधीची २० वर्षं बिनव्याजी.

पेशवाईत पगार थकला की शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत. आता दार न्यायालयाचं आहे आणि धरणं लांबतं. १९८६ मध्ये पन्नाशीत असलेले ब्रिगेडिअर २०१२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते. काहींचा फरक वारसांच्या हाती पडायचा होता.

पुढच्या आयोगाचा फरक घरी येईल, तेव्हा आकडा बघून खूश व्हा. पण तो कसा काढला, हेही एकदा कागदावर मांडून बघा.