अर्धापूर ते कराची : गाड्यांच्या वेळांत अडकलेला इतिहास

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याने निघाले की वीसएक किलोमीटरवर अर्धापूर लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि घडांनी भरलेले ट्रक. या गावाचा आणि वाघा-अटारीच्या फाटकाचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण आमच्या भागातील कित्येक मुस्लिम घरांत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात नाहीतर पत्र्याच्या पेटीत, एक जुनी कापडी पिशवी जपून ठेवलेली असते. तिच्यात मुदत संपलेले पासपोर्ट, व्हिसाच्या अर्जांच्या प्रती, रेल्वेची फिकट तिकिटे आणि कराचीहून आलेली उर्दू पत्रे असतात. आमच्याही घरी अशी पिशवी आहे. आमची मोठी फुफी कराचीला नांदत होती.

भारत-पाकिस्तान संबंधांचा इतिहास आपण युद्धांच्या आणि करारांच्या सालांवरून शिकतो. आमच्या घरात तो गाड्यांच्या वेळांवरून शिकला गेला. कोणती गाडी सुरू आहे, कोणती बंद पडली, कुठे बदलायची, चुकली तर पुढची किती दिवसांनी, यावरून दोन देशांचे कसे चालले आहे ते दादीला कळे. तोच इतिहास येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

फाळणीपूर्वी हा प्रवास लांबचा होता, पण अवघड नव्हता. निजामाच्या राज्यातील गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे मनमाडपर्यंत जात असे. तेथे मुंबईहून येणारी पंजाब मेल मिळे आणि ती थेट पेशावरपर्यंत धावे. म्हणजे नांदेडच्या माणसाला लाहोर गाठायला मनमाडला एकदा गाडी बदलली की पुरे. कागद एकच लागे, तिकिटाचा.

१९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. आमच्याकडची उलथापालथ एक वर्षाने आली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याची कारवाई झाली. आमची वडीलधारी मंडळी तिला आजही ‘पोलिस ॲक्शन’ म्हणतात. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे होते आणि संस्थानातील जनतेचा मुक्तिलढाही खरा होता. त्याबरोबरच, कारवाईनंतर ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा असंख्य मुसलमानांवर सूड उगवला गेला, हेही खरे आहे. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर यांच्यासोबत नांदेडचेही नाव होते. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

त्या भीतीत काही कुटुंबे निघाली. कुणी मुंबईहून बोटीने, कुणी राजस्थानातील मुनाबाव-खोखरापारच्या वाटेने कराचीला पोचले. तेथे ‘हैदराबाद कॉलनी’ नावाची वस्तीच उभी राहिली. पण गेलेल्यांपेक्षा राहिलेले कितीतरी पटीने जास्त होते, ही गोष्ट आमच्याविषयी बोलताना सहसा सांगितली जात नाही. लातुरात वकिली केलेला रझाकारांचा पुढारी कासिम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. त्याच्या नावाचे ओझे मात्र येथेच राहिलेल्या शेतकऱ्या-मजुरांनी वाहिले.

जाणाऱ्यांना वाटले होते, वातावरण निवळले की परत येऊ. पण पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यासाठी परमिट लागेल, असा वटहुकूम जुलै १९४८ मध्येच निघाला होता, म्हणजे पोलिस ॲक्शनच्या दोन महिने आधी. दार अगोदरच अर्धे लागले होते. आमच्याकडची माणसे त्यातून गेली तेव्हा त्यांना ते दिसले नाही, इतकेच. १५ ऑक्टोबर १९५२ पासून परमिट जाऊन पासपोर्ट आणि व्हिसा आला. आमचे फुफा आधी गेले होते. फुफी परमिटच्या काळात त्यांच्यामागे गेली. जाताना ती दादीला म्हणाली होती, “अम्मा, रमजान को आती मैं.” तो रमजान यायला बरीच वर्षे लागली.

१९६५च्या युद्धात खोखरापारची गाडी बंद झाली. १९७१च्या युद्धाने उरलेसुरले दळणवळण तुटले. १९७२चा सिमला करार झाला, १४ सप्टेंबर १९७४ रोजी व्हिसाविषयीचा करार झाला आणि २२ जुलै १९७६ रोजी अमृतसर आणि लाहोर यांच्यामध्ये ‘समझौता एक्सप्रेस’ सुरू झाली. मधली अकरा-बारा वर्षे फुफी म्हणजे आमच्या घरात फक्त एक फोटो होता.

या व्हिसाचे स्वरूप वाचकांनी समजून घ्यावे. तो देशाचा नसे, गावांचा असे. ज्या गावांची नावे अर्जात भरली आणि मंजूर झाली, तेवढ्याच ठिकाणी जायचे. पोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करायची, निघतानाही करायची. ज्या नाक्यावरून आत आलो, त्याच नाक्यावरून बाहेर पडायचे. फुफी १९८०च्या दशकात आली तेव्हा तिच्या व्हिसावर नांदेड होते, लातूर नव्हते. तिची धाकटी बहीण लातुरात अंथरुणाला खिळलेली. मधले अंतर एस.टी.ने काही तासांचे. फुफी हजारो किलोमीटर ओलांडून आली, पण ते काही तास तिला ओलांडता आले नाहीत. शेवटी धाकट्या फुफीलाच जीपमध्ये गादी टाकून आणले. दोघी बहिणी दिवसभर एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या.

आता प्रवासाचा हिशेब. नांदेड ते कराची हे अंतर सरळ रेषेत सुमारे साडेबाराशे किलोमीटर आहे. पण वाट अमृतसरची. म्हणजे आधी दोन हजार किलोमीटर उत्तरेला जायचे, सीमा ओलांडायची आणि लाहोरहून पुन्हा सुमारे बाराशे किलोमीटर दक्षिणेला उतरायचे. मीटरगेजच्या काळात मनमाडला गाडी बदला, मग दिल्ली, मग अमृतसर. नव्वदच्या दशकात आमचा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस आली. ती आली शीख भाविकांसाठी, हुजूर साहिब आणि हरमंदिर साहिब जोडायला. पण तिने आमचीही सोय केली. सकाळी नांदेडला बसावे आणि दुसऱ्या रात्री अमृतसरला उतरावे. वाटेत स्टेशनांवर सेवेकरी डब्यात येऊन लंगर वाढतात. जात-धर्म विचारत नाहीत, पैसे घेत नाहीत. कराचीला निघालेल्या आमच्या दादीने भाकरी-ठेच्याचे गाठोडे बाजूला ठेवून तो दाल-चावल खाल्ला आणि वाढणाऱ्या सरदारजींना तोंडभर दुआ दिली.

खरी कसोटी जोडगाड्यांची. समझौता एक्सप्रेस आरंभी रोज होती. पंजाबातील अशांततेच्या काळात ती अमृतसरऐवजी अटारीपर्यंतच येऊ लागली आणि १९९४ पासून आठवड्यातून दोनदाच धावू लागली. पुढे दिल्लीहून अटारीची जोडगाडी बुधवारी आणि रविवारी रात्री जुन्या दिल्ली स्टेशनवरून सुटे, म्हणजे सीमा गुरुवारी नाहीतर सोमवारी ओलांडायची. आमचा आरक्षणाचा अर्ज त्यावरून उलटा मोजत भरला जाई. रेल्वेचे आरक्षण दोन-दोन महिने आधी करावे लागे आणि व्हिसा मिळेल की नाही, हे निघायच्या आठवड्यापर्यंत कळत नसे. म्हणून अब्बा दोन वेगवेगळ्या तारखांची तिकिटे काढून ठेवत आणि एक रद्द करत. दिल्लीत दोन दिवस हाताशी ठेवायचे, जामा मशिदीजवळ मुसाफिरखान्यात उतरायचे, चाणक्यपुरीतून पासपोर्ट हाती आल्याशिवाय पुढच्या प्रवासाचे बोलायचे नाही, हे घरातील नियमच झाले होते.

परतीचा हिशेब आणखी काटेकोर. व्हिसाचा शेवटचा दिवस आणि गाडीचा दिवस एकच धरायचा नाही. एक गाडी चुकली तर पुढची तीन-चार दिवसांनी, आणि तेवढ्यात मुदत संपली की आपण गुन्हेगार. सीमेवर घड्याळही अर्धा तास मागे-पुढे करावे लागे. अब्बा ते मुद्दाम करत नसत. हातातले घड्याळ भारताचेच ठेवत आणि मनात वजाबाकी करत.

कराचीकरांचे हाल आमच्यापेक्षा वेगळे नव्हते. १९९४ मध्ये कराचीतील भारतीय वकिलात बंद झाली आणि तेथील लोकांचे अर्ज इस्लामाबादकडे वळले. दादी गेली तेव्हा फुफीने त्याच आठवड्यात अर्ज केला. व्हिसा मिळून, गाडी जुळून ती अर्धापूरला पोचली तेव्हा चाळिसावाही होऊन गेला होता. ती कबरीशी गेली आणि सामानातून एक चादर काढली. दादीसाठी हिवाळ्यात पाठवायची म्हणून घेतलेली ती चादर होती.

१ जानेवारी २००२ पासून, संसदेवरील हल्ल्यानंतर, समझौता बंद राहिली. जानेवारी २००४ मध्ये पुन्हा सुरू झाली. १८ फेब्रुवारी २००६ रोजी, एक्केचाळीस वर्षांनी, मुनाबाव-खोखरापारची वाट ‘थर एक्सप्रेस’च्या रूपाने उघडली. मराठवाड्यातील लोकांना ती फार सोयीची वाटली. देवगिरी किंवा नंदीग्रामने मुंबई, तेथून जोधपूर, भगत की कोठी स्टेशनवर थरची आठवड्यातून एकच गाडी, सीमेवर बदल आणि मग थेट कराची. लाहोरचा वळसा वाचला. बरोबर एक वर्षाने, १८ फेब्रुवारी २००७ च्या रात्री, पानिपतजवळ दिवाना येथे समझौता एक्सप्रेसमध्ये स्फोट झाले आणि ६८ माणसे जळून मेली. त्यांत बहुतेक पाकिस्तानी होते, भारतीयही होते. कुणी लग्नाहून परतत होते, कुणी मयतीहून. म्हणजे आमच्यासारखेच, पिशवीत कागद सांभाळून निघालेले.

२०१२ मध्ये नवा व्हिसा करार झाला. तीनऐवजी पाच ठिकाणे, पासष्टी ओलांडलेल्यांना पोलिस नोंदीतून सूट, एका नाक्याने येऊन दुसऱ्या नाक्याने जाण्याची मुभा. फुफीला लातूर लिहिता आले असते. पण तोवर लातुरात भेटायला कुणी उरले नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये समझौता, थर आणि दिल्ली-लाहोर बस तिन्ही थांबल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात करतारपूरचा मार्ग शीख भाविकांसाठी व्हिसाविना उघडला, याचा आम्हाला आनंदच झाला. श्रद्धेसाठी दार उघडते, तर नात्यासाठीही कधी उघडेल असे वाटले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध पर्यटकांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर अटारीचा नाका बंद झाला, व्हिसे रद्द झाले आणि मे महिन्यात करतारपूरही भारताच्या बाजूने बंद करण्यात आले.

निरपराधांना मारणाऱ्यांबद्दल आमच्या मनात संतापाशिवाय काही नाही आणि देशाच्या सुरक्षेचा प्रश्न लहान आहे असेही आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की बहिणीला भेटायला जाणारी म्हातारी आणि बॉम्ब ठेवणारा माणूस यांना एकाच यादीत धरले जाऊ नये. आणखी एक गोष्ट आम्हाला स्वतःच्या समाजालाही सांगायची आहे. आमच्या पिढीने हे नाते लपवले. शाळेत, कचेरीत, शेजारी कुणी विचारले तर अब्बा “दिल्लीला गेले आहेत” असे आम्ही सांगत असू. कराची हा शब्द उच्चारला की निष्ठेचा दाखला मागितला जाईल, ही भीती होती. ती अगदीच खोटी नव्हती. पण लपवल्यामुळे झाले असे, की आमची बाजू कुणी ऐकलीच नाही, आणि आमच्या मुलांनाही ती माहीत नाही. ज्यांनी येथे राहायचे ठरवले त्यांनी त्या निर्णयाची किंमत आयुष्यभर ताटातुटीने मोजली. निष्ठेचा याहून मोठा दाखला कोणता असतो?

फुफी आता नाही. तिची नातवंडे आणि आमची मुले मोबाइलवर एकमेकांचे चेहरे पाहतात, ईदला सलाम करतात आणि भाषेच्या लकबीवरून हसतात. त्यांना अटारीची गाडी माहीत नाही. म्हणून आमची अर्धापूर, नांदेड, लातूर आणि सगळ्या मराठवाड्यातील वाचकांना विनंती आहे : घरातील ती पिशवी फेकू नका. जुने पासपोर्ट, तिकिटे आणि पत्रे जपा, वडीलधाऱ्यांना विचारा आणि ऐकलेले मराठीत लिहून ठेवा. सचखंड एक्सप्रेस अजूनही नांदेडहून अमृतसरला जाते. अमृतसरच्या पुढे अटारी अवघ्या पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे.