फुलपाखराचे पंख आणि क्यूरींचा नकार

‘चौदा विद्या आणि चौसष्ट कला’ असे आपण एका दमात म्हणतो. मात्र त्या दोहोंमधल्या ‘आणि’कडे आपले लक्ष क्वचितच जाते. सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिजच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात ‘दोन संस्कृतीं’मधील दरीची चर्चा केली. ही दरी पाहायला आम्हां महाविद्यालयीन अध्यापकांना केंब्रिजला जावे लागत नाही. कलाशाखेची इमारत एकीकडे, विज्ञानशाखेची दुसरीकडे, आणि दोन्हींकडच्या मंडळींची गाठ पडायची ती परीक्षेच्या पर्यवेक्षणाला.

अलीकडे ही दरी बुजवण्याचे प्रयत्न जगभर होत आहेत आणि त्यांत नृत्यकलेचा पुढाकार लक्षणीय आहे. इंग्लंडचे नृत्यरचनाकार वेन मॅकग्रेगर यांनी २००३-०४ मध्ये केंब्रिजच्या बोधनशास्त्रज्ञांसोबत काम केले व त्यातून ‘अटॅक्सिया’ ही रचना उभी राहिली. स्वित्झर्लंडचे जील जोबँ २०१२ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत निवासी कलावंत म्हणून राहिले आणि २०१३ साली त्यांनी ‘क्वांटम’ सादर केले. अशा प्रकल्पांमागे आता अनुदाने असतात, करार असतात, अहवाल असतात. या साऱ्याच्या शंभर वर्षे आधी घडलेल्या एका भेटीमागे यांतले काहीच नव्हते. तिची सुरुवात एका पत्राने झाली आणि त्या पत्राचे उत्तर नकारार्थी आले. त्या नकाराचे मोल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पत्र लिहिणाऱ्या बाईंचे नाव लोई फुलर. जन्म १८६२, अमेरिकेतील इलिनॉय राज्यात. नृत्याचे रीतसर शिक्षण नाही. लहानपणापासून नाटकांत किरकोळ भूमिका करीत त्या वाढल्या. १८९१ साली एका नाटकात संमोहनाच्या प्रसंगासाठी त्यांनी एक घोळदार, कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम रेशमी झगा वापरला. हा झगा हिंदुस्थानात गेलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने भेट म्हणून पाठविला होता, असे त्या आत्मचरित्रात सांगतात. रंगभूमीवर वावरताना झगा पायांत येऊ नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून धरला आणि त्या घोळातून उमटणारे आकार पाहून प्रेक्षक थक्क झाले. यातूनच १८९२ साली त्यांचे ‘सर्पंटाइन’ नृत्य आकाराला आले. अंधारलेली रंगभूमी, वारेमाप रेशीम, ते उंच झेपावे म्हणून हातांत धरलेल्या काठ्या, आणि चहूबाजूंनी पडणारे रंगीत विजेचे झोत. नर्तकीचा देह त्यात जवळजवळ नाहीसा होई. उरत असे ते कधी फूल, कधी ज्वाला, कधी फुलपाखरू.

या नृत्याची चोरी लगेच सुरू झाली. फुलरबाईंनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका नक्कल करणाऱ्या नर्तकीविरुद्ध दावा लावला. १८९२ सालचा तो निकाल आजही कायद्याच्या अभ्यासात येतो. या नृत्यात कथा नाही, पात्र नाही, भावनेचे नाट्य नाही. सबब ही ‘नाट्यकृती’ नव्हे आणि तिला स्वामित्वहक्काचे संरक्षण नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्याच वर्षी त्या पॅरिसला पोहोचल्या, तर तेथील ‘फोली बर्जेर’ या नाट्यगृहात त्यांच्या नृत्याची नक्कल त्यांच्याआधीच दाखल झालेली होती. सुरुवातीच्या चलच्चित्रांत आज जी ‘सर्पंटाइन’ नृत्ये पाहायला मिळतात, तीही बहुतांशी इतर नर्तकींचीच आहेत.

मग बाईंनी दुसरा मार्ग धरला. काठ्या जोडलेला नृत्याचा पोशाख, आरसे व प्रकाश यांची रंगमंचीय योजना यांची एकस्वे, म्हणजे पेटंटे, त्यांनी घेतली. अमेरिकेतील एकस्वे १८९४-९५ सालची आहेत. काचेच्या तक्तपोशीखालून प्रकाश टाकण्याचे तंत्र वापरून त्यांनी ‘अग्निनृत्य’ बसविले. कायद्याला त्यांच्यातली नृत्यरचनाकार दिसली नव्हती. यंत्र बनवणारी बाई मात्र त्याला तत्काळ दिसली. फुलरबाई विज्ञानाकडे वळल्या त्यामागे कुतूहल होतेच. परंतु आपली कला आपल्या नावावर राहावी ही निकडही होती, असे आम्हांला वाटते.

पॅरिसमध्ये खगोलशास्त्रज्ञ कामिय फ्लामारियों यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. रंगीत काचांतून येणाऱ्या प्रकाशाचा वनस्पतींवर काय परिणाम होतो, याचे प्रयोग फ्लामारियों करीत. रंग आणि प्रकाश हा दोघांचाही ध्यास होता. १८९६ च्या सुमारास बाई अमेरिकेत एडिसन यांच्या वेस्ट ऑरेंज येथील प्रयोगशाळेत गेल्या. रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावून फार दिवस झाले नव्हते. क्ष-किरणांनी उजळणारा क्षारांचा पडदा एडिसन यांनी त्यांना दाखविला. आपल्या वस्त्राला हे क्षार लावले तर, हा विचार बाईंच्या मनात तेथेच आला.

१८९८ च्या डिसेंबरात क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध जाहीर केला. अंधारात आपोआप उजळणाऱ्या या पदार्थाची वार्ता वाचून फुलरबाईंनी क्यूरींना पत्र घातले. रेडियमचे फुलपाखराचे पंख करून आपल्याला नाचता येईल काय, अशी त्यांची पृच्छा होती. मादाम क्यूरींची कन्या एव्ह हिने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या आईच्या चरित्रात ही हकीकत आली आहे. एव्हचा जन्म १९०४ अखेरचा. तेव्हा ही गोष्ट घरात ऐकूनच तिने लिहिली असणार. क्यूरींना त्या पत्राची गंमत वाटली. तरीही त्यांनी ते बाजूला टाकले नाही. हे का शक्य नाही, ते त्यांनी बाईंना नीट समजावून सांगितले.

या उत्तरामागील वस्तुस्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. मादाम क्यूरींनी कित्येक टन पिचब्लेंडच्या चोथ्यातून १९०२ पर्यंत वेगळे केलेले शुद्ध रेडियम क्लोराइड होते अवघे ०.१ ग्रॅम. तेही गळक्या छपराच्या एका शेडमध्ये, उकळत्या रसायनाच्या कढया स्वतः ढवळून. पंख तर राहोतच, त्यात टिकलीभर कापडही निभावले नसते. दुसरी बाजू अधिक गंभीर होती. खिशात रेडियमची नळी बाळगल्यामुळे बेकरेल यांना भाजले होते. पिएर क्यूरी यांनी मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम ठेवून जखम करून घेतली होती. या दोघांचा त्यावरील निबंध १९०१ साली प्रसिद्ध झाला. रेडियमचा तो निळसर प्रकाश ज्यांना सर्वांत प्रिय होता, त्यांनाच तो त्वचा जाळतो हेही ठाऊक होते.

नकार मिळूनही बाई रुसल्या नाहीत. कृतज्ञता म्हणून त्यांनी क्यूरींच्या घरी येऊन नृत्य करण्याची इच्छा व्यक्त केली. ठरल्या दिवशी बुलव्हार केलरमानवरच्या त्या लहानशा घरात विजेची कामे करणाऱ्यांचा ताफा आला, दिवसभर खपून त्यांनी जेवणाच्या खोलीची रंगभूमी केली आणि रात्री मोजक्या मंडळींसमोर ज्वाला व फुले फिरू लागली. पुढे हा स्नेह वाढला. शिल्पकार रोदँ यांच्याशी क्यूरींची ओळख फुलरबाईंनीच करून दिली.

त्यानंतर बाईंनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली. स्फुरदीप्त, म्हणजे प्रकाश शोषून अंधारात तो परत देणारे, क्षार कापडावर बसविण्याचे प्रयोग त्या करू लागल्या. त्यात एकदा स्फोटही झाला. १९०४ साली ‘रेडियम नृत्य’ रंगभूमीवर आले. काळोखात केवळ ठिपके व रेषा उजळत फिरत. त्या नृत्यात रेडियमचा कणही नव्हता. क्यूरींच्या नकाराने बाईंना दुसऱ्या वाटेला लावले आणि ती वाट त्यांची स्वतःची होती. १९११ साली लंडनमध्ये त्यांनी रेडियमवर व्याख्यानही दिले.

येथे एक विरोध नजरेत भरतो. क्यूरींनी रेडियम वेगळे करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले नाही. ज्ञान सर्वांचे, अशी त्यांची धारणा होती. फुलरबाईंनी मात्र पोशाखापासून आरशांपर्यंत सगळ्यांची एकस्वे घेतली. यावरून एकाला उदार आणि दुसऱ्याला व्यवहारी ठरविणे अन्यायाचे होईल. शास्त्रज्ञाने शोध वाटून टाकला तरी त्याचे नाव शोधाला चिकटलेले राहते. नर्तकीचे नृत्य दुसरीने उचलले की मूळ नर्तकी पुसली जाते, हे बाईंनी न्यायालयात अनुभवले होते.

तथापि फुलरबाईंची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी स्वतःचे छोटे नाट्यगृह बांधले आणि तेथे कावाकामी ओतोजिरो व त्यांची पत्नी सादा याक्को यांच्या जपानी मंडळींचे खेळ लावले. जपानी अभिनयकलेचे एवढे दर्शन पॅरिसला पूर्वी घडले नव्हते आणि सादा याक्को एका हंगामात विख्यात झाल्या. परंतु प्रेक्षक ओढण्यासाठी बाईंनी खेळात ‘हाराकिरी’चा प्रसंग घालायला लावला, आणि कावाकामींनी तो घातला. ही मंडळी आदल्याच वर्षी अमेरिकेत व्यवस्थापकाने पैसे घेऊन पोबारा केल्यामुळे उघड्यावर पडली होती. उपासमार पाहिलेल्या परदेशी नटांना ‘आमच्या नाटकात हे बसत नाही’ असे सांगण्याची मुभा कितपत होती, याचा विचार वाचकांनीच करावा.

म्हणूनच क्यूरींच्या नकाराला आम्ही इतके महत्त्व देतो. दोन विद्या, दोन कला वा दोन देश एकत्र आले की त्याला ‘सहयोग’ म्हणण्याची आपल्याला घाई असते. त्या दोघांपैकी प्रत्येकाला ‘नाही’ म्हणता येते काय, आणि म्हटल्यावर नाते टिकते काय, ही खरी कसोटी आहे. बुलव्हार केलरमानवर ती उतरली. प्रदर्शनाच्या नाट्यगृहात तिच्यात उणीव राहिली.

या कसोटीची सर्वांत दारुण बाजू अमेरिकेत दिसली. १९१७ पासून न्यू जर्सीतील ऑरेंज येथे घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंगाने आकडे काढण्याचे काम तरुण मुली करू लागल्या. फुलरबाईंना ज्या गावी उजळणाऱ्या वस्त्राची कल्पना सुचली, ते वेस्ट ऑरेंज याला लागूनच आहे. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरायला मुलींना शिकविले जाई. रंग निरुपद्रवी आहे असे सांगितले जाई. प्रयोगशाळेतील तज्ज्ञ मात्र स्वतः शिशाचे पडदे व चिमटे वापरीत. रात्री नाचायला जाताना अंगावरचा झगा अंधारात उजळावा म्हणून काही जणी ठेवणीतले कपडे घालून कामावर येत. फुलरबाईंचे स्वप्न असे पुरे झाले. मुलींचे दात पडले, जबडे कुजले, अनेकींनी प्राण गमावले. ग्रेस फ्रायर आणि इतर चौघींनी १९२७ साली दावा लावला. १९२८ च्या जूनमध्ये प्रत्येकी १०,००० डॉलर व वार्षिक निर्वाहवेतन यांवर तडजोड झाली. या मुलींना कोणी क्यूरींसारखे पत्र लिहिले नव्हते.

फुलरबाई १९२८ च्या १ जानेवारीला पॅरिसमध्ये न्यूमोनियाने वारल्या. एडिसन यांचे क्ष-किरणांवर काम करणारे सहायक क्लॅरन्स डॅली हात गमावून १९०४ सालीच मरण पावले होते. मादाम क्यूरी १९३४ साली रक्तक्षयाच्या असाध्य विकाराने गेल्या. त्यांच्या टिपणवह्या अजूनही किरणोत्सर्गी असल्यामुळे शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. आपल्याला जो धोका पूर्णपणे उमगला नव्हता, त्यापासून त्यांनी एका नर्तकीला वाचविले. कलावंताने शास्त्रज्ञाकडे अशक्य गोष्ट मागावी, हे योग्यच आहे. मागितल्याशिवाय नवे काही सुचत नाही. शास्त्रज्ञाने ती मागणी हसण्यावारी न नेता, भुलूनही न जाता, आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढे खरे सांगावे. ‘विद्या आणि कला’ यांमधले ते उभयान्वयी अव्यय एवढ्यानेही आपले काम चोख बजावते.