पॅकेज-अवलंबन-संघर्ष (लिनक्स)

लिनक्स प्रणालीवर एखादे पॅकेज बसविताना त्यास लागणारी अन्य पॅकेजे परस्परांना मान्य अशा आवृत्त्यांत एकत्र नांदू न शकल्यामुळे जी कुंठित अवस्था उत्पन्न होते, तीस ही संज्ञा आहे. आपणांस कोणते पॅकेज हवे, किमान कोणत्या आवृत्तीचे हवे आणि कोणाशी सहवास अशक्य, हे प्रत्येक पॅकेजाच्या नियंत्रण-दस्तऐवजात नमूद असते. डेबियन कुळातील डीपीकेजी हा पॅकेज-व्यवस्थापक या अटींची तपासणी करतो, मात्र उणीव भरून काढण्याची तजवीज मार्च १९९९ मधील डेबियन २.१ पासून अ‍ॅप्टकडे आली. हे काम वरकरणी कारकुनी भासले, तरी ते एनपी-कंप्लीट या कठीण गणिती वर्गात मोडते, असे युरोपातील ईडॉस प्रकल्पाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले.

उल्हासनगर कॅम्प ५ मधील एखाद्या पेढीवर डेबियन ११ चा संगणक असावा आणि बिले छापणाऱ्या प्रिंटरसाठी कोणी डेबियन १२ करिता बांधलेले पॅकेज आणून द्यावे, अशी कल्पना करू. पॅकेज लिबसी६ या पायाभूत ग्रंथालयाची (लायब्ररी) किमान २.३४ आवृत्ती मागते, डेबियन ११ जवळ २.३१ आहे, अ‍ॅप्ट नकार देते. त्या नकाराच्या अखेरची ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ ही ओळ मोठी फसवी आहे, कारण पुष्कळदा कोणतेच पॅकेज रोखून धरलेले नसते, हे ‘अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड’ या आज्ञेने लगेच ताडून पाहता येते. खरी तक्रार वरच्या ओळींत लिहिलेली असते. कोणती आवृत्ती कोणत्या भांडारातून येऊ घातली आहे, हे ‘अ‍ॅप्ट-कॅश पॉलिसी’ सांगते.

येथे डेबियन १२ चे भांडार जोडून एकटे लिबसी६ वर चढविण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण यंत्रावरील बहुतेक सर्व कार्यक्रम त्याच ग्रंथालयावर उभे असतात. डीपीकेजीला बळजबरीची मुभा दिल्यास पॅकेज बसते खरे, परंतु अट अपूर्णच राहते आणि अ‍ॅप्टचा पुढचा व्यवहार तेथेच अडतो. डेबियन ११ साठी बांधलेली प्रत मिळवावी, अथवा संपूर्ण प्रणाली १२ वर न्यावी. मधला मार्ग बहुधा नाही. अर्धवट राहिलेली स्थापना ‘अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ने सावरता येते, मात्र होकार देण्यापूर्वी काय काय काढून टाकले जाणार आहे, ती यादी शेवटपर्यंत वाचावी.

संघर्षाचा दुसरा प्रकार आवृत्तीचा नसून ताब्याचा असतो. फाळणीनंतर उल्हासनगरात सिंधी निर्वासितांना ज्या लष्करी बराकींत वसविले गेले, त्यांपैकी एकाच बराकीचा ताबा दोन कुटुंबांना लिहून द्यावा, तशी दोन पॅकेजे एकाच फाइलीवर हक्क सांगतात. ‘डीपीकेजी -एस’ (एस मोठ्या लिपीतील) विद्यमान मालकाचे नाव सांगतो. मालक कालबाह्य असल्यास त्यास काढावे. दोन्ही पॅकेजे आवश्यक असल्यास दोष बांधणाऱ्याचा असून त्यासच कळविणे इष्ट.