तलावांचे शहर आणि पाण्याचा कायदा

बहुतेक जुनी शहरे नदीच्या काठी वसली. नाशिकला गोदावरी आहे, पुण्याला मुळा-मुठा आहे, कोल्हापूरला पंचगंगा आहे. बंगळूरला मात्र मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर, पाणलोटाच्या अगदी माथ्यावर हे शहर उभे आहे. तेथे पडलेला पाऊस थांबत नाही. पश्चिम उतारावरचे पाणी वृषभावती आणि अर्कावती या नद्यांतून कावेरीकडे जाते, तर पूर्वेकडचे दक्षिण पिनाकिनीची वाट धरते. अशा ठिकाणी नगर वसवायचे, तर आधी वाहणारे पाणी अडविले पाहिजे. बंगळूरचा इतिहास या एका गरजेतून सुरू होतो, आणि आज तेथील नगररचनेपुढे जो पेच उभा आहे, त्याचेही मूळ याच गरजेच्या विस्मरणात आहे.

१५३७ साली केंपेगौडा याने या गावाला तटबंदीचे नगर केले, असे परंपरा सांगते. त्याने पेठा वसविल्या, त्याबरोबर तलावही बांधले. धर्मांबुधी आणि केंपांबुधी हे तलाव त्याच्याच नावाशी जोडलेले आहेत. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे नगर जिंकले, आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. १६८७ साली मोगलांनी ते घेतले व म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियार यांना विकले. राज्ये बदलली, निशाणे बदलली. पण तलावांची व्यवस्था बदलली नाही. जो कोणी राज्यकर्ता आला, त्याला त्याच तलावांचे पाणी प्यावे लागले आणि त्याच तलावांखालच्या शेतीचा सारा घ्यावा लागला.

ही व्यवस्था एकेका तळ्याची नव्हती, साखळीची होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. वरच्या गावचा तलाव भरला, की जादा पाणी सांडव्यावरून ओढ्यात उतरे आणि खालच्या गावच्या तलावात जाई. तो भरला, की पाणी आणखी खाली निघे. तलावाला कन्नड भाषेत ‘केरे’ म्हणतात आणि तलावांना जोडणाऱ्या या मोठ्या ओढ्यांना ‘राजकालुवे’. आपल्या ‘कालवा’ या शब्दाचे त्याच्याशी असलेले नाते कानाला सहज ओळखू येते. गावात पाणी वाटणारा ‘नीरगंटी’ असे. कोणत्या शेताला किती पाणी, तूम केव्हा उघडायचा, गाळ केव्हा काढायचा, हे त्याच्या देखरेखीखाली चाले. खानदेशातील फड पद्धतीत पाटकऱ्याचे जे काम, तेच येथे नीरगंटीचे. त्याच्या कामाचा लेखी कायदा नव्हता, पण रूढी पक्की होती. वरच्या गावाने पाणी कोंडले तर खालचे गाव उपाशी मरेल, हे सर्वांना ठाऊक होते.

इंग्रजांनी १८०९ साली येथे लष्करी छावणी आणली आणि वस्ती वाढू लागली. तलावांची परंपरा लगेच तुटली नाही. १८८२ साली रिचर्ड सँकी या अभियंत्याने बांधलेला तलाव आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. निर्णायक वळण आले ते १८९४ साली. त्या वर्षी अर्कावतीवरील हेसरघट्टा तलावातून नळाने पाणी शहरात आले. १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण झाले. १९७४ साली सुमारे १०० किलोमीटरांवरून, सुमारे ५०० मीटर उंच चढवून, कावेरीचे पाणी बंगळूरला पोहोचले.

नळ ही नगराला मिळालेली मोठीच देणगी होती. तिने रोगराई कमी केली आणि स्त्रियांच्या डोईवरचा हंडा उतरविला. परंतु तिचा दुसरा परिणाम कोणी मोजला नाही. पाणी दुरून येऊ लागताच शेजारचा तलाव निरुपयोगी वाटू लागला. पूर्वी जो पाण्याचा साठा होता, तो आता मोकळी जमीन म्हणून दिसू लागला. हिवतापाच्या भीतीने या दृष्टीला आरोग्याचे कारणही मिळवून दिले. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज शहराचे मुख्य बसस्थानक आहे. संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे. कोरमंगलच्या तलावाच्या जागी राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी घरांची वसाहत उभी राहिली. मुंबईत धोबी तलाव आणि गवालिया टँक यांची नुसती नावे उरली, तोच हा प्रकार. फरक इतकाच, की बंगळूरच्या तलावांना खालच्या तलावांचे देणे होते.

संपंगीची एक गोष्ट अर्थपूर्ण आहे. शहराचा जुना करग उत्सव या तलावाशी बांधलेला असल्यामुळे क्रीडांगणाच्या आवारात एक लहानसे कुंड राखून ठेवलेले आहे. तलाव विकासाला दिला गेला, पण विधीपुरते पाणी राहिले. जे काम कायद्याला साधले नाही, ते अंशतः श्रद्धेने साधले.

मग कायदा काय करीत होता? त्याचे उत्तर दोन वेगळ्या अधिनियमांत सापडते. राज्याचा नगररचना अधिनियम १९६१ सालचा. तो जमिनीकडे पाहतो. नकाशात हा पट्टा निवासाचा, तो उद्योगाचा, पलीकडचा बागेचा, असे तो ठरवितो. जलप्रदूषण प्रतिबंधाचा केंद्रीय अधिनियम १९७४ सालचा. पाणी हा राज्यांचा विषय असल्यामुळे काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला हा कायदा करण्यास सांगितले, आणि त्या राज्यांत कर्नाटक होते. महाराष्ट्राचा स्वतःचा असा कायदा त्यापूर्वी १९६९ सालीच झाला होता. हा केंद्रीय कायदा पाण्यात काय सोडले जाते ते पाहतो. पाणी कोठून वाहते ते पाहत नाही. म्हणजे एका कायद्याला जमीन दिसे, पण पाणी दिसत नसे. दुसऱ्याला पाणी दिसे, पण त्याखालची जमीन दिसत नसे. या दोहोंच्या मधल्या जागेत बंगळूरचे राजकालुवे होते. ज्या वर्षी हा कायदा झाला, त्याच वर्षी कावेरीचे पाणी आले, आणि तेच पाणी सांडपाणी होऊन या ओढ्यांतून खालच्या तलावांत उतरू लागले. १९०१ साली छावणीसह दीड लाखाहून थोडी अधिक असलेली वस्ती २०११ साली ८४ लाखांवर गेली. सांडपाणी किती वाढले असेल, याची कल्पना यावरून करावी. सुमारे ९०० एकरांच्या बेळ्ळंदूर तलावावर फेसाचे डोंगर उठले, आणि २०१५ व २०१७ साली त्याच्या पृष्ठभागावर आग लागली. पाण्याला आग लागणे हा वाक्प्रचार नव्हे, ती तेथे घडलेली घटना आहे.

जाग आली ती टप्प्याटप्प्याने. १९८५ साली एन. लक्ष्मण राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तलाव फोडू नयेत, त्यांत सांडपाणी सोडू नये, त्यांच्या जागा दुसऱ्या कामाला देऊ नयेत, असे तिने सांगितले, आणि १९८८ साली सरकारने ते मान्य केले. तरीही नकाशावर पाण्याला स्वतःची हद्द मिळाली नव्हती. ती २००७ सालच्या विकास आराखड्यात स्पष्ट झाली. तलावाभोवती ३० मीटर, आणि ओढ्याच्या मध्यापासून त्याच्या प्रतीनुसार ५०, २५ व १५ मीटर इतका पट्टा बांधकामाविना ठेवावा, असे त्यात ठरले. २०१४ सालच्या राज्य अधिनियमाने तर तलावाची व्याख्याच बदलली. तलावात पाणी असो वा नसो, तो तलावच होय. आणि त्याला पाणी आणणारे राजकालुवे, त्याचा बांध, सांडवा, तूम व बाहेर जाणारे प्रवाह हे सारे त्याच्यातच मोडतात, असे या कायद्याने म्हटले. नीरगंटीला जे उपजत कळत होते, ते कायद्याच्या पुस्तकात यावयास इतकी वर्षे लागली.

पुढची लढाई मीटरांची झाली. आगरा आणि बेळ्ळंदूर या तलावांमधल्या पाणथळ जागेतील बांधकामावरून वाद राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. ४ मे २०१६ रोजी लवादाने तलावाभोवतीचा पट्टा ७५ मीटरांचा केला, आणि ओढ्यांसाठी त्यांच्या काठापासून ५०, ३५ व २५ मीटर ठरविले. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा सर्वसाधारण आदेश रद्द केला. विकास आराखडा हा कायद्याने केलेला असतो, तो बदलण्याचा अधिकार लवादाला नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्यानंतर २०२५ साली तलावाच्या आकारमानाप्रमाणे पट्टा ठरविण्याचे, म्हणजे लहान तलावांभोवतीचा पट्टा पुष्कळ कमी करण्याचे विधेयक कर्नाटकाच्या विधिमंडळापुढे आले.

मीटरांच्या या वादाला हसणे सोपे आहे. तथापि त्या पट्ट्यात माणसे राहतात. २०१६ साली, आणि पुन्हा सप्टेंबर २०२२ च्या महापुरानंतर, राजकालुव्यांवरची घरे पाडण्यात आली. ज्यांची घरे गेली, त्यांतील अनेकांजवळ खरेदीखत होते, मंजूर नकाशा होता, करपावत्या होत्या. अधिकाऱ्यांच्या हाती मात्र गावाचा जुना महसुली नकाशा होता, आणि त्यात त्याच जागी ओढा काढलेला होता. दोन्ही कागद सरकारीच. आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्याने यांपैकी कोणत्या कागदावर विश्वास ठेवावा? परवानगी देणारे हात मोकळे राहिले आणि शिक्षा शेवटच्या खरेदीदाराला झाली, तर तो कायद्याचा विजय म्हणता येणार नाही. आणि घरे तशीच ठेवली, तर पुढच्या पावसात खालच्या वस्तीत पाणी शिरते. तेथे बहुधा अधिक गरीब माणूस राहतो. म्हणून पट्ट्याची रुंदी हा केवळ मोजणीचा प्रश्न नाही. वरच्या माणसाने खालच्या माणसासाठी किती जागा सोडावी, हा तो जुनाच प्रश्न आहे.

उशिरा आलेल्या नियमांचे फळ अपुरे असते, याचाही दाखला येथेच आहे. तिप्पगोंडनहळ्ळीच्या पाणलोटात बांधकामावर निर्बंध घालणारी अधिसूचना २००३ साली निघाली. तोवर अर्कावती क्षीण झाली होती. याउलट २००९ साली पाणीपुरवठा मंडळाच्या कायद्यात दुरुस्ती करून ठरावीक आकाराच्या घरांना छपरावरचे पाणी साठविणे वा जमिनीत जिरविणे सक्तीचे केले गेले. तिची अंमलबजावणी कमी-अधिक झाली असेल. पण पाण्याचा विचार घराच्या नकाशापाशीच सुरू व्हावा, ही तिची दिशा योग्य होती. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील हजारो कूपनलिका आटल्या, तेव्हा या दिशेचे मोल सर्वांना कळले. दोनच वर्षांपूर्वी ज्या शहरात रस्त्यांवरून होड्या चालल्या होत्या, तेथेच लोक टँकरची वाट पाहत उभे होते. महापूर आणि दुष्काळ ही तेथे दोन वेगळी संकटे नाहीत. पाणी थांबावयाची जागा गेली, म्हणून दोन्ही आली.

महाराष्ट्रातही नद्यांच्या काठी पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द पुण्या-कोल्हापुरात आता घरोघरी माहीत झाले आहेत, आणि त्या रेषा कोठे असाव्यात यावरून वादही होतात. बंगळूरचा अनुभव या वादांना एक गोष्ट शिकवितो. पाण्याची रेषा शहर वाढल्यावर आखली, तर ती कोणाच्या तरी घरातून जाते. शहर वाढण्यापूर्वी आखली, तर ती केवळ मोकळ्या रानातून जाते, आणि तिच्यासाठी कोणालाही उठावे लागत नाही. केंपेगौडाच्या काळी तलाव आधी आणि पेठ त्याच्या आधाराने, असा क्रम होता. नगररचनेचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. पण हा क्रम त्याला अजून ओलांडता आलेला नाही.