नवी फरशी पोकळ वाजतेय आणि कंपनी फोन उचलत नाही? उखडण्याआधी हे वाचा

समजा, मोशीत तुमचा टूबीएचके आहे. राहायला येऊन सात महिने झालेत. एका रात्री हॉलमधून फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. लाइट लावून बघता, तर मधल्या दोन टाइल्स तंबूसारख्या वर आलेल्या. सकाळी दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणतो, माल कंपनीचा आहे. कंपनीचा माणूस येतो, दोन मिनिटं बघतो आणि सांगतो, फिटिंग चुकलंय. फिटिंगवाला म्हणतो, बिल्डरनं खालचा बेसच वाकडा ठेवलाय. बिल्डर म्हणतो, आमची फरशी तुम्हीच काढली, आता आमचा काय संबंध?

रावेत, पुनावळे, चिखली, मोशी आणि पार चाकणपर्यंत नव्या बिल्डिंगमध्ये ही गोष्ट कुणा ना कुणाच्या घरात घडलेली असते. कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो, भाड्याचं घर सोडलेलं असतं. मग वैतागून माणूस दुसरा मिस्त्री बोलावतो, सगळी फरशी उखडतो आणि पुन्हा खर्च करतो. नंतर आठवतं की पैसे परत मागायला हवे होते.

पण तोवर पुरावा मलब्याच्या गोणीत भरून गेलेला असतो.

उखडण्याआधी काय करायचं?

टाइल्सच्या भांडणात सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे ती खराब फरशीच. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की, सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रार करणाऱ्याची असते. म्हणजे कंपनीनं नुसतं 'आमची चूक नाही' म्हटलं तरी चालतं, तुम्हाला मात्र चूक दाखवावी लागते.

म्हणून आधी एक नाणं घ्या आणि खोलीभर एकेक टाइल वाजवत फिरा. भरीव आवाज आला तर ठीक. डबा वाजल्यासारखा आवाज आला, तर त्या टाइलवर खडूनं फुली मारा. मग सगळ्या खोलीचा सलग व्हिडिओ काढा, नाण्याचा आवाज ऐकू येईल असा. कडा वर-खाली असतील तर त्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून फोटो घ्या. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातंय की दाराकडे येतंय, त्याचाही व्हिडिओ करा.

उरलेल्या टाइल्स आणि एखादा रिकामा बॉक्स फेकू नका. बॉक्सवर बॅच नंबर आणि शेड नंबर असतो. बहुतेक बॉक्सवर बारीक अक्षरात असंही छापलेलं असतं की माल बसवण्याआधी तपासा, बसवल्यावर तक्रार घेणार नाही. रंगातला फरक दिसत असूनही टाइल्स बसवल्या असतील, तर ही ओळ तुमच्या अंगावर येऊ शकते. पण बसवण्याआधी डोळ्यांना दिसणारच नाही असा दोष असेल, तर छापील ओळीनं हात झटकता येतात असं नाही.

यानंतर एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून पाहणी करून सही-शिक्क्याचा लेखी अहवाल घ्या. त्याची फी द्यावी लागते, आणि आधीच पोळलेल्या माणसाला ती जास्त वाटते. तरीही या सगळ्या प्रकरणात पैसे खर्च करायची एकच जागा निवडायची असेल, तर माझ्या मते ती हीच.

टाइल खराब की फिटिंग खराब?

कुणावर तक्रार करायची, हे यावर ठरतं. थोडंफार घरीही कळतं.

दोन कोऱ्या टाइल्स घ्या आणि चकचकीत बाजू समोरासमोर ठेवून एकमेकींवर टेकवा. वरची डुगडुगली, तर टाइलच वाकडी आहे, म्हणजे मालाचा दोष. त्या सपाट बसल्या आणि तरी घरातल्या कडा वर-खाली असतील, तर संशय फिटिंगवर जातो.

पोकळ आवाजाचं मूळ बहुतेक वेळा फिटिंगमध्येच असतं. मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स पाणी जवळजवळ पितच नाहीत, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर त्यांची पकड कच्ची राहते. त्यासाठी अ‍ॅडहेसिव्ह असतं, ज्याला मिस्त्री लोक नुसतं 'केमिकल' म्हणतात. भारतीय मानक ब्युरोचं त्यासाठी आयएस १५४७७ हे वेगळं मानक आहे आणि टाइल्ससाठी आयएस १५६२२. घाईत किंवा माल वाचवायला मिस्त्री पूर्ण पाठीला केमिकल न लावता पाच ठिपके लावतो. ठिपक्यांच्या मधे हवा राहते. तिथे पलंगाचा पाय आला की टाइल तडकते.

टाइल्स तंबूसारख्या उठण्याचं कारण थोडं वेगळं. उन्हाळ्या-हिवाळ्यात फरशी आणि खालचा स्लॅब कमी-जास्त प्रसरण-आकुंचन पावतात. दोन टाइल्समध्ये सांधा ठेवला नसेल आणि भिंतीपाशीही जागा सोडली नसेल, तर तो ताण कुठेतरी बाहेर पडणारच. 'सांधा दिसला नाही पाहिजे' हा हट्ट बऱ्याचदा आपलाच असतो, तेही खरं. पण तो हट्ट चुकीचा आहे, हे सांगणं पैसे घेणाऱ्याचं काम होतं.

लाकडी लॅमिनेट फ्लोअरिंगचंही तेच. भिंतीलगत साधारण ८ ते १० मिलिमीटर फट न सोडता पट्ट्या ठोकल्या, की पहिल्याच पावसाळ्यात ते फुगतं.

मग तक्रार कुणावर?

पैसे कुणाला दिले, ते बघा. माल आणि फिटिंग दोन्हीचं बिल एकाच कंपनीनं दिलं असेल, तर काम सोपं आहे. कंपनीनं पुढे कुठला मिस्त्री पाठवला, हा तिचा प्रश्न. माल दुकानातून आणि फिटिंग ठेकेदाराकडून घेतलं असेल आणि दोष नेमका कुणाचा हे ठरत नसेल, तर दुकानदार, उत्पादक आणि ठेकेदार तिघांनाही पक्षकार करता येतं. तिघं एकमेकांवर ढकलतात तेव्हा त्यांना एकाच टेबलासमोर बसवलेलं बरं.

बिल नसेल तर? जीएसटी वाचवायला कच्च्या कागदावर काम केलेली घरं कमी नाहीत. अशा वेळी यूपीआयच्या नोंदी, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअॅपवरचं कोटेशन कामाला येतं. चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलत असाल तर आधी बॅकअप घ्या. आणि हो, बिल न देणं हीच ग्राहक कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

फरशी बिल्डरचीच असेल तर

इथे रेरा कायद्याचं कलम १४(३) लागू होतं. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष तुम्ही बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्यानं तो ३० दिवसांत, एक रुपयाही न घेता दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. साइट ऑफिसमधल्या माणसाला तोंडी सांगून सोडू नका, ईमेल करा. महारेराकडे तक्रारीची फी ५,००० रुपये आहे.

ग्राहक आयोगाचा रस्ताही बंद नाही. इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं की रेरा आहे म्हणून ग्राहक कायद्याचा हक्क जात नाही. पण एक गोम आहे. तक्रार कुठल्या आयोगाकडे जाणार, हे तुम्ही दिलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. बिल्डरच्या बाबतीत दिलेली किंमत म्हणजे फ्लॅटची किंमत. त्यामुळे ८० लाख भरलेल्या फ्लॅटच्या दोन लाखांच्या फरशीसाठीही राज्य आयोगाकडे जावं लागतं. अशा वेळी महारेरा सोयीचं.

बिल्डरची फरशी काढून तुम्ही स्वतःची बसवली असेल, तर बिल्डर जवळजवळ सुटला असं धरून चाला.

कंपनीशी बोलायचं कसं?

लेखी. फोनवर बोलणं झालं तरी लगेच मेसेज टाका: 'आज फोनवर आपण अमुक तारखेला माणूस पाठवतो म्हणालात.' मग १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस ईमेल आणि स्पीड पोस्टनं पाठवा. वकिलाचीच नोटीस हवी असं बंधन नाही. काय बिघडलं, किती चौरस फूट, काय हवंय, एवढं लिहा. 'मानसिक त्रासाचे ५० लाख' वगैरे लिहू नका, नोटीस तिथेच कचऱ्यात जाते. दुरुस्तीचं दुसऱ्या ठेकेदाराकडून घेतलेलं कोटेशन जोडलं, तर मागणीला आधार राहतो.

कंपनी चार टाइल्स फुकट बदलून 'माझी तक्रार मिटली' असं लिहून मागेल. बाकीची खोली वाजत असेल, तर सही करू नका.

सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, फक्त कंपनीकडे विषय नेते. पण नाव जपणाऱ्या ब्रँड कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला सहसा उत्तर देतात. गल्लीतल्या ठेकेदाराला तिचा काही फरक पडत नाही.

आयोगात जायची वेळ आली तर

दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य. ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील सक्तीचा नाही, तक्रार मराठीत लिहिता येते आणि ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही भरता येते.

२०१९ च्या कायद्यातली आणखी एक सोय या पट्ट्यातल्या लोकांसाठी फार कामाची आहे. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे चाकणच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्यानं लातूरला गावाकडच्या घरात फरशी बसवून घेतली असली, तरी तो पुण्याच्या जिल्हा आयोगात येऊ शकतो. शिफ्टमुळे तारखेला जाणं जमत नसेल, तर कारण देऊन व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं सुनावणीची मागणी करता येते.

मुदत २ वर्षांची आहे. सुरक्षित राहायचं असेल तर ती काम संपल्याच्या तारखेपासून मोजा. 'बघतो, करतो' असे मेसेज येत राहिले म्हणून ती आपोआप वाढत नाही.

समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस, आणि फार तर आणखी १५ मिळतात. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये ही ४५ दिवसांची मर्यादा पक्की केली. निकाल ३ महिन्यांत, आणि मालाची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर ५ महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ याहून बराच जास्त लागतो, हे धरूनच चला. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल आणि फुटलेल्या टाइल्सवर पाय कापायची भीती असेल, तर तेवढी थांबायची गरज नाही. तज्ज्ञाचा अहवाल आणि व्हिडिओ झाल्यावर, 'अमुक तारखेला दुरुस्ती सुरू करतोय, त्याआधी येऊन पाहणी करा' असं कंपनीला लेखी कळवा. ती तारीख उलटली की काम सुरू करा, काढलेल्या चार-पाच टाइल्स मागच्या केमिकलसकट गच्चीवर ठेवा आणि नव्या कामाचं पक्कं बिल घ्या.