मोडीतून उभी राहिलेली मोटार

हैदराबाद शहराचे नाव निघाले की चारमिनार, गोवळकोंडा, मोत्यांची पेढी आणि निजामाचे जवाहीर या गोष्टी सहज डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मोटारगाडी मात्र कोणाला आठवत नाही. तथापि यंत्रयुग दक्षिणेत कसे आले, येथे ते कसे रुजले आणि जीर्ण झाल्यावर त्याची काय वाट लागली, हा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्याने या शहरातील जुन्या मोटारींकडे एकवार अवश्य पाहावे. त्यांच्या निमित्ताने एक जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे येतो. ठिकठिकाणचे सुटे भाग गोळा करून जी मोटार उभी केली, तिला जुनी म्हणावे की नवी? ती इतिहासाचे स्मारक की इतिहासाची नक्कल?

प्रारंभ राजवाड्यापासून करू. चौमहल्ला राजवाड्यात पिवळ्या रंगाची एक रोल्स-रॉइस ठेवलेली आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागविली होती. १९११ च्या ऑगस्ट महिन्यात ते निवर्तले आणि गाडी आली ती त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत. मागची बैठक सिंहासनासारखी उंच, म्हणून तिला ‘सिंहासन-गाडी’ म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी संपूर्ण मोटार विकत नसे. ती सांगाडा, इंजिन आणि चाके तयार करी, आणि वरची काया गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करवून घेई. या गाडीची काया लंडनच्या बार्कर कंपनीने केली. तेव्हा ज्या मोटारीला आपण अस्सल म्हणतो, तीदेखील जन्मतःच दोन हातांची निर्मिती होती. अशी ही डौलदार गाडी समारंभापुरतीच बाहेर पडे आणि एरव्ही घरातच असे.

उस्मान अली खान जगातील धनाढ्य पुरुषांत गणले जात आणि काटकसरीबद्दलही तितकेच प्रसिद्ध होते. १९६७ च्या फेब्रुवारीत ते वारले व नातू मुकर्रम जाह यांच्याकडे वारसा आला. त्या वारशाचे वर्णन करणाऱ्या लेखकांनी नमूद केले आहे की, मोटारखान्यात सुमारे साठ गाड्या होत्या, त्यांच्या पेट्रोलावर आणि सुट्या भागांवर दरसाल मोठी रक्कम खर्ची पडे, आणि प्रत्यक्षात चालण्याजोग्या गाड्या होत्या अवघ्या चार! नव्या निजामांना समारंभाहून परत नेणारी मोटारही म्हणे वाटेतच बंद पडली. ज्यांना स्वतःला यंत्रांची आवड होती, अशा वारसाच्या पदरी हे बंद पडलेले वैभव यावे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

साठ गाड्यांपैकी छपन्न निकामी, याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. निकामी गाडी म्हणजे सर्वस्वी नष्ट झालेली गाडी नव्हे. एकीचे इंजिन शाबूत असते पण धुरा मोडलेला असतो. दुसरीचा धुरा धड असतो पण लाकडी चौकट वाळवीने पोखरलेली असते. तिसरीचे दिवे, चौथीची चाके, पाचवीचे रेडिएटर. हे सारे एकत्र असेतो त्यातून निदान काही गाड्या पुन्हा उभ्या राहण्याची आशा असते. एकदा ते वजनावर विकले गेले की पितळ पितळाच्या आणि लोखंड लोखंडाच्या भट्टीत जाते. संस्थाने विलीन झाल्यानंतरच्या दशकांत देशभर कितीतरी संस्थानी मोटारखान्यांची हीच गत झाली. काही गाड्या परदेशी गेल्या, काही भंगारात गेल्या आणि काहींचे अवयव बाजाराच्या फडीवर आले.

या विखुरलेल्या अवयवांतून जी मोटार उभी करण्याचा मोह हौशी लोकांना सर्वांत अधिक होतो, तिचे नाव ‘स्पीडस्टर’. दारे नाहीत, छप्पर नाही, पुढे लांबट इंजिनघर, त्यामागे दोन खोलगट बैठका, पाठीशी पिंपासारखी पेट्रोलची टाकी आणि काचेच्या नावाने चालकापुढे क्वचित एखादी गोल चकती, असे तिचे रूप. अमेरिकेत १९१० च्या सुमारास मर्सर कंपनीची ‘रेसअबाउट’ आणि पाठोपाठ स्टट्झ कंपनीची ‘बेअरकॅट’ या गाड्यांनी हा घाट लोकप्रिय केला. परंतु त्या श्रीमंतांच्या गाड्या. सामान्य तरुणाने स्पीडस्टर केली ती फोर्डच्या ‘टी’ मोटारीतून.

१९०८ ते १९२७ या काळात या ‘टी’ मोटारी दीड कोटींहून अधिक निघाल्या. इंजिन अवघे २० अश्वशक्तीचे. वेग ताशी ४० ते ४५ मैल. शक्ती वाढविणे खर्चाचे, पण वजन उतरविणे फुकटचे. जड काया काढून टाकली, तिच्या जागी पत्र्याचे हलके कवच बसविले, बैठक खाली आणली, की तेच इंजिन गाडीला अधिक चपळाईने ओढू लागे. मग कोणी इंजिनाचा वरचा भाग बदलून शक्तीही वाढवी. शेव्हरोले बंधूंनी फोर्डसाठी ‘फ्रंटेनॅक’ नावाचे असे भाग तयार केले होते. १९२३ साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत या भागांनी सजलेली एक फोर्ड पाचवी आली. लोकांची गरीब गाडी शर्यतीच्या घोड्यांत पाचवी! या घटनेने किती तरुणांच्या हाती पान्हा दिला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आपल्या देशात सुटे भाग जोडून मोटार करणे हे नवल नव्हतेच. फोर्ड कंपनीने १९२६ साली हिंदुस्थानात आपली शाखा काढली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईस शिवडी येथे कारखाना उघडला. या कारखान्यांत मोटारी घडविल्या जात नसत, जोडल्या जात. परदेशातून पेट्यांत भरून आलेले भाग येथील कामगार एकत्र करीत. दोन्ही कंपन्यांनी १९५४ च्या सुमारास येथील जोडणी थांबविली. परंतु मोटार कशी जुळते हे पाहिलेले हात मागे राहिले. हैदराबाद संस्थानातही असेच घडले. १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्या आणि १६६ नोकर यांच्या बळावर सरकारी मोटार वाहतूक सुरू केली. त्या बसगाड्या स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या ‘अल्बियन’ कंपनीच्या होत्या. १९४२ साली ‘ऑल्विन’ हा धातुकामाचा कारखाना हैदराबादेत निघाला आणि बसगाड्यांची बांधणी शहरातच होऊ लागली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा त्याच्या पाठीशी संस्थानी वाहतुकीची ही सुमारे पाव शतकाची परंपरा होती.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. भाग जमले म्हणजे मोटार झाली असे समजणारा लवकरच निराश होतो. पहिली परीक्षा सांगाड्याची. एका कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही मापे तंतोतंत जुळली पाहिजेत. न जुळल्यास सांगाडा पिळला आहे असे समजावे, आणि त्यावर बसविलेली गाडी कधीही सरळ धावणार नाही. दुसरी परीक्षा आट्यांची. इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकन आट्यांचा ६० अंशांचा. एकीचा बोल्ट दुसरीच्या नटात दोन फेरे जातो आणि अडतो. अधीर मिस्त्री तो पान्ह्याने दामटतो आणि ऐंशी वर्षे टिकलेले आटे एका क्षणात मारून टाकतो. तिसरी परीक्षा धारव्यांची. जुन्या इंजिनांत कथील, अँटिमनी आणि तांबे यांची मऊ मिश्रधातू वितळवून ओतावी लागते आणि ती थंड झाल्यावर निळा रंग लावून, जेथे डाग उमटेल तेथे हलक्या हाताने खरवडावी लागते. हे काम पुस्तकातून येत नाही, उस्तादाच्या शेजारी बसूनच येते. चौथी गोष्ट लाकडाची. पत्र्याच्या आत लाकडी चौकट असते. इंग्रज कारागीर ती अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची करीत; आपल्याकडे सागवान तेच काम उत्तम करते.

हैदराबादेत भंगारातून वाहन घडविण्याच्या छंदाचे एक जितेजागते उदाहरण आहे. के. सुधाकर यांनी शाळकरी वयात टाकाऊ भागांतून दुचाकी जुळविण्यास आरंभ केला आणि पुढे बहादूरपुऱ्यात आपल्या हातच्या गाड्यांचे संग्रहालय उभारले. तेथे क्रिकेटच्या चेंडूच्या, पुस्तकाच्या, बुटाच्या आकाराच्या मोटारी आहेत. २००५ साली त्यांनी बनविलेल्या प्रचंड तीनचाकी सायकलीची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. आपल्या महाराष्ट्रातही इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी विद्यापीठाच्या पदवीवाचून ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडविली व तिच्या सुधारणेत आयुष्याची अनेक वर्षे वेचली. या दोघांच्या गाड्या आपण जुन्या असल्याचा दावा करीत नाहीत. आपण नव्या आहोत, अमक्याच्या हातच्या आहोत, असे त्या उघड सांगतात. म्हणूनच त्यांच्याविषयी वाद उद्भवत नाही.

वाद उद्भवतो तो स्पीडस्टरविषयी. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, काया अथवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ती रोजच्या अथवा धंद्याच्या वापरात आणता येत नाही. नियमाचा हेतू चांगला आहे. परंतु फोर्ड ‘टी’च्या बाबतीत पाहा. तिच्या बहुतेक वर्षांत सांगाड्यावर क्रमांकच नसे. इंजिनावरचा क्रमांक हाच गाडीचा क्रमांक. १९२२ साली एखाद्या तरुणाने तिची काया उतरवून स्पीडस्टर केली असेल, तर तो फेरफारही आज शंभर वर्षांचा झाला. तोच फेरफार आजच्या मिस्त्रीने केला तर तो कालचा. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर भल्याभल्यांना भेद सांगता येणार नाही.

मग भेद कशात मानावा? आपल्या समाजाला जीर्णोद्धाराची कल्पना परकी नाही. ढासळलेल्या मंदिराचा शिखरभाग नवा बांधला म्हणून देऊळ नवे ठरत नाही. परंतु जीर्णोद्धार करणारा आपला शिलालेखही कोरून ठेवतो. अमक्या शकात, अमक्याने, अमुक भाग बांधला असे सांगतो. मोटारीच्या बाबतीतही हाच न्याय लावावा. इंजिन कोणत्या गाडीचे, धुरा कोणत्या बाजारात मिळाला, काया कोणी व केव्हा ठोकली, याची वही गाडीबरोबर राहावी. वही असेल तर ती गाडी इतिहासाची साक्षीदार होते. वही नसेल आणि वर अस्सलपणाचा टेंभा मिरविला जात असेल, तर ती खोटी साक्ष होय.

दुसरा भेद याहूनही महत्त्वाचा. अनाथ भाग एकत्र करून गाडी करणे हे पुण्य. पण धडधाकट बंद गाडीची काया फेकून देऊन तिची स्पीडस्टर करणे ही हानी. इंग्लंडात अनेक जुन्या बेंटली गाड्यांच्या मूळ बंदिस्त काया अशाच उतरविल्या गेल्या आणि शर्यतीच्या घाटाच्या उघड्या काया त्यांवर चढल्या. गाड्या देखण्या झाल्या खऱ्या, पण ज्या कारागिरांनी त्या काया घडविल्या त्यांचे हस्ताक्षर कायमचे पुसले गेले. जो जोडतो आणि जो मोडून जोडतो, त्या दोघांत हे अंतर आहे.

१९३२ च्या त्या अल्बियन बसगाड्यांपैकी एक हैदराबादेत जतन करून ठेवलेली आहे. राजवाड्यातील सिंहासन-गाडी थोडी धावली. ही बस मात्र उन्हापावसात असंख्य उतारूंना घेऊन धावली. इतकी वर्षे धावलेल्या यंत्राचे भाग झिजतात आणि बदलावेच लागतात. त्याच्या अंगी आलेला प्रत्येक नवा बोल्ट ही कोणा मिस्त्रीने रात्री कंदिलाच्या उजेडात केलेल्या सेवेची खूण असते. मोडीत पडलेला भाग उचलणाऱ्याने तो बसविण्यापूर्वी क्षणभर त्याच्याकडे पाहावे, त्याच्यावरचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा आणि मगच पान्हा हाती घ्यावा.