मोरगावची गृहवसाहत: परवानगी कोणाची, पाणी कोणाचे?

अष्टविनायकांतील पहिले स्थान म्हणून मोरगावची ख्याती असली, तरी प्रशासनाच्या लेखी ते बारामती तालुक्यातील ग्रामपंचायतीचे एक गाव आहे. तेथे नगर परिषद नाही. परिणामी गावालगतच्या शेतजमिनीवर भूखंडांची वसाहत उभी राहावयाची झाल्यास तिच्या प्रस्तावाची छाननी बारामती शहरात होते त्या रीतीने होत नाही. हा फरक भूखंड घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतो.

बारामतीत नगर परिषद हीच महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये नियोजन प्राधिकरण आहे. विकासकाचा अर्ज कलम ४४ खाली येतो, त्यावरील निर्णय कलम ४५ खाली होतो. ६० दिवसांत निर्णय कळविला नाही तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे. मात्र बांधकाम नियमांत बसणारे असेल तरच. परवानगी नाकारल्यास ४० दिवसांत अपील करता येते. एखाद्या वसाहतीला मंजुरी देणे हा सभागृहातील मतदानाचा विषय नव्हे, ते प्रशासनाचे आणि नगररचनाकाराचे काम होय. सभागृहाचे खरे वजन पडते ते विकास आराखडा ठरविताना. शेती विभागातील जमीन निवासी विभागात घ्यावयाची असेल, तर कलम ३७ नुसार हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि शेवटचा शब्द शासनाचा असतो.

मोरगावच्या बाबतीत पहिला आधार पुणे जिल्ह्याच्या प्रादेशिक योजनेचा. जमीन कोणत्या विभागात मोडते हे त्या योजनेवरून ठरते आणि कलम १८ नुसार परवानगीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तांत्रिक तपासणी नगररचना विभाग करतो. गावठाणाच्या हद्दीतील घरांपुरता ग्रामपंचायतीचा अधिकार आहे. ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला नगररचना कार्यालयाचे हेलपाटे पडू नयेत, अशी सवलत २०२१ साली देण्यात आली. ती घरापुरती आहे, शेत तोडून भूखंड पाडण्यासाठी नव्हे. विक्रीच्या जाहिरातींत हा भेद हटकून गाळला जातो.

रेखांकनाला प्रथम तात्पुरती मान्यता मिळते. जागेवर मोजणी होऊन रस्ते, गटारे आणि मोकळी जागा प्रत्यक्ष आखल्यानंतर अंतिम मान्यता. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या क्षेत्रात साधारणपणे १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. पोहोच रस्त्याची रुंदीही तपासली जाते. भाद्रपद आणि माघातील यात्रांच्या दिवसांत मोरगावच्या रस्त्यांवर जी गर्दी उसळते, ती पाहता ही अट कागदापुरती मानून चालणार नाही.

परंतु मोरगावच्या कोणत्याही प्रस्तावातील कळीचा मुद्दा पाण्याचाच राहणार. बारामती म्हटले की नीरेच्या कालव्यावरचा ऊस डोळ्यांसमोर येतो. मोरगाव-सुपे परिसर मात्र तालुक्याचा जिरायत पट्टा आहे. मोरगावची प्रादेशिक पाणीपुरवठा योजना पुरंदर तालुक्यातील कऱ्हेवरच्या नाझरे धरणावर अवलंबून आहे. जेजुरी नगर परिषदेचीही भिस्त याच जलाशयावर. धरण लहान आणि पर्जन्यछायेतील. पाऊस हुकला की तळ दिसतो. अशा ठिकाणी नव्या दोनशे कुटुंबांना पाणी कोठून देणार, या प्रश्नाला ‘कूपनलिका घेतली आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. उन्हाळ्यात ती कूपनलिका आटली, की नळजोडणीची मागणी घेऊन रहिवासी ग्रामपंचायतीच्या दारात उभे राहतात, आणि ज्यांनी परवानगी दिलीच नव्हती त्यांना उत्तर द्यावे लागते.

त्याच कऱ्हेचे दुसरे रूप सप्टेंबर २०१९ मध्ये दिसले. दुष्काळी उन्हाळ्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, २५ सप्टेंबरच्या रात्री झालेल्या अतिवृष्टीनंतर नाझरे धरणातून प्रचंड विसर्ग झाला आणि खाली बारामती शहरातील नदीकाठच्या वस्त्यांतून नागरिकांना हलवावे लागले. वर्षातील बहुतेक काळ कोरडे पडणारे पात्र पाहून काठाची जमीन स्वस्त व सुरक्षित वाटते. म्हणूनच छाननीत पूररेषेला महत्त्व आहे. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्ट्यात निवासी बांधकामाला मनाई आहे. दोन रेषांमधील जागेत बांधकामावर निर्बंध असून जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीच्या वर ठेवावी लागते.

या साऱ्या तपासणीला वळसा घालण्याचा रूढ मार्ग म्हणजे गुंठेवारी. मंजूर रेखांकनाशिवाय एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले जातात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली प्रमाणभूत क्षेत्र २०२३ मध्ये जिरायतीस २० गुंठे आणि बागायतीस १० गुंठे असे ठरविण्यात आले. त्याहून लहान तुकड्याचा व्यवहार अडचणीत येतो. मग अनेक खरेदीदारांची नावे एकाच गटाच्या सातबारावर सामाईक लागतात. कोणाचा तुकडा कोठे, हे सातबारा सांगत नाही. २००१ चा गुंठेवारी कायदा व पुढे आलेल्या नियमितीकरणाच्या सवलती मर्यादित स्वरूपाच्या आहेत. त्यांतून शुल्क भरून कागद मिळाला, तरी न सोडलेली मोकळी जागा आणि न केलेला रस्ता मिळत नाही.

खरेदीपूर्वी मंजूर रेखांकनाची प्रत, अंतिम मान्यतेचा आदेश आणि पाण्याच्या स्रोताचा पुरावा मागावा. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरहून अधिक असल्यास, भूखंडांची योजना असली तरी, महारेराची नोंदणी आवश्यक ठरते. नोंदणी क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारे अशी नोंदणी मिळविल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले होते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरील नोंद मात्र केवळ कर आकारणीसाठी असते. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.